अंगी बाणलेल्या कौशल्याचा सन्मान

वाढत्या वयातील मुलांचा गौरव करण्याची जी साधने आधुनिक समाजाने घडवली, त्यांत शालेय परीक्षेतील क्रमांक आणि क्रीडास्पर्धेतील चषक ही सर्वांत परिचित आहेत. परंतु या दोहोंहून निराळ्या तत्त्वावर उभी राहिलेली आणि शंभराहून अधिक वर्षे टिकून असलेली तिसरी एक रीत आहे, ती स्काऊट आणि गाईड चळवळीतील पुरस्कारांची. येथे पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावला जात नाही. ठरवून दिलेली कामे जी मुले प्रत्यक्ष करून दाखवतात, त्यांच्या गणवेशावर त्याची कापडी खूण शिवली जाते, आणि पथकातील सगळ्याच मुलांनी ती कामे करून दाखवली तर ती खूण सगळ्यांनाच मिळते. एकाच्या यशासाठी दुसऱ्याने मागे पडण्याची येथे गरज पडत नाही. गुणवत्ता यादी, शिष्यवृत्ती परीक्षा आणि टक्केवारी यांनी मुलांच्या बालपणाचा मोठा भाग व्यापलेल्या महाराष्ट्रासारख्या प्रदेशात या रीतीचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण माणसाच्या योग्यतेविषयीची एक वेगळी आणि अधिक उदार समज तिच्यात साठवलेली आहे.

या चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी होते आणि त्यांच्या लष्करी सेवेचा आरंभ १८७६ मध्ये भारतातच झाला. पुढे १८९७ पासून पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख म्हणून भारतात असताना त्यांनी सैनिकांना टेहळणीचे, म्हणजे पुढे जाऊन माग, चाहूल आणि खाणाखुणा यांवरून माहिती मिळवण्याचे शिक्षण दिले, आणि ते पुरे करणाऱ्यांना नकाशावरील उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या आकाराचे, तीन पाकळ्यांचे पितळी चिन्ह दिले. आज जगभरच्या स्काऊटांच्या गणवेशावर दिसणारे त्रिदल चिन्ह त्याच परंपरेतले आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात सधन घरांतील विद्यार्थी आणि कष्टकरी घरांतील मुले मुद्दाम एकत्र आणली, आणि तेथेही हे चिन्ह मुलांना दिले. गाठी, माग काढणे यांसारख्या परीक्षा उतरल्यानंतर त्याच्या जोडीला ब्रीदवाक्याची पट्टी मिळे. म्हणजे चळवळीच्या पहिल्याच शिबिरात कौशल्य आणि त्याची दृश्य खूण यांची सांगड घातली गेली होती.

१९०८ मध्ये ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत परीक्षांचे स्वरूप ठरत गेले. त्या काळातील द्वितीय श्रेणीच्या स्काऊटने दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता चूल पेटवावी, एका लहान डब्याखेरीज कोणतेही भांडे न घेता थोडे मांस आणि दोन बटाटे शिजवावेत, आणि एक मिनिट पाहिलेल्या चोवीस लहान वस्तूंपैकी किमान सोळा आठवून सांगाव्यात, अशा अटी होत्या. यांतील शेवटच्या परीक्षेचे नाव ‘किमचा खेळ’ असे असून ते रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किम’ या कादंबरीवरून आले आहे, ज्यात लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेल्या मुलाला अशाच खेळातून निरीक्षणाचे शिक्षण मिळते. प्रथम श्रेणीसाठी अटी अधिक कठीण होत्या: पन्नास यार्ड पोहणे, एकट्याने किंवा एका सोबत्यासह सात मैल जाऊन परत येणे आणि त्या प्रवासाचा लेखी वृत्तान्त देणे, अंतर, उंची व संख्या यांचा अंदाज पंचवीस टक्क्यांहून अधिक न चुकता बांधणे, आणि एका नवागत मुलाला स्वतः शिकवून पहिल्या परीक्षेसाठी तयार करून आणणे.

या जुन्या यादीत त्या शिक्षणपद्धतीचे सारे मर्म आलेले आहे. अंदाज बिनचूक असावा अशी अपेक्षा तीत नाही. पंचवीस टक्क्यांची चूक मान्य करताना परीक्षक हे ओळखतो की डोळ्याने घेतलेले माप म्हणजे मोजपट्टीचे माप नव्हे, आणि तरीही निव्वळ तर्काहून ते पुष्कळ अधिक विश्वासाचे असले पाहिजे. प्रवासानंतर वृत्तान्त मागण्यामागे, पाहिलेले शब्दांत नीट मांडता आल्याखेरीज पाहणे पुरे होत नाही, असा विचार आहे. सर्वांत मोलाची अट मात्र नवागताला तयार करण्याची आहे, कारण तिच्यामुळे वरच्या पायरीवर जाण्याचा मार्गच खालच्या पायरीवरील मुलाला हात देण्यातून जातो. स्पर्धेच्या परीक्षेत ज्याच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले जाते, त्याचेच यश येथे स्वतःच्या यशाची अट बनते. बेडन-पॉवेल यांनी स्काऊट मास्तरांसाठी केलेल्या लेखनातही हेच सूत्र मांडले आहे: परीक्षकाने मुलाच्या कामाचा दर्जा एका ठरावीक उंचीच्या पट्टीने न मोजता त्या मुलाने किती कष्ट घेतले हे पाहावे, म्हणजे स्वभावतः चपळ मुलाला जे सहज जमते त्याच्यासाठी धडपडणाऱ्या मंदगती मुलाचा उत्साह मावळणार नाही.

कोणत्याही सन्मानाची व्याप्ती समाजाच्या रचनेतून सुटत नाही, आणि हा सन्मानही त्याला अपवाद नव्हता. १९०९ मध्ये सातवे एडवर्ड यांच्या संमतीने इंग्लंडमध्ये ‘किंग्ज स्काऊट’ हा सर्वोच्च दर्जा निर्माण झाला. अमेरिकेत १९१२ साली आर्थर एल्ड्रेड या मुलाने एकवीस प्रावीण्य बॅज मिळवून ‘ईगल स्काऊट’ हा तेथील सर्वोच्च मान प्रथम पटकावला. भारतात १९०९ मध्येच बंगळूर येथे पहिले पथक सुरू झाले, परंतु ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते, आणि ज्या देशात या चिन्हाचा प्रथम वापर झाला त्याच देशातील मुलांना चळवळीचे दार बंद होते. राजनिष्ठेची शपथ आणि राजाच्या नावाचा पुरस्कार असलेली ही रचना देशातील विचारवंतांनी तशीच स्वीकारली नाही. ॲनी बेझंट आणि जी. एस. अरुंडेल यांनी मद्रासमध्ये भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. शाहजहानपूर येथे श्रीराम वाजपेयी यांनी आधीच पथक चालवले होते. आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समिती स्काऊट संघटना स्थापन केली.

कुंझरू यांच्या कार्याचा एक धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते आजीव सदस्य होते आणि १९३६ पासून त्याचे अध्यक्ष होते. सार्वजनिक जीवनासाठी निःस्वार्थ आणि अभ्यासू कार्यकर्ते घडवण्याचे गोखल्यांचे व्रत आणि गावोगावच्या जत्रांत, महापुरात, साथीच्या रोगांत मदतीला धावणाऱ्या मुलांची पथके, ही एकाच विचाराची दोन रूपे कुंझरूंच्या ठायी एकत्र आली. नागपूरच्या उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस हेही या चळवळीचे अग्रगण्य कार्यकर्ते होते. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटनांचे विलीनीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स ही संस्था अस्तित्वात आली, १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटना तिच्यात सामील झाली, आणि भारत स्काऊट्स अँड गाईड्स या नावाने ती आजतागायत कार्य करत आहे. तिच्या बोधचिन्हात त्रिदल आणि अशोकचक्र एकत्र आहेत, आणि तिचा सर्वोच्च पुरस्कार राजाऐवजी प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींच्या नावाने दिला जातो. एका परक्या सत्तेच्या सैन्यात जन्मलेली खूण अशा रीतीने सेवेच्या देशी परंपरेने आपलीशी केली.

आजच्या रचनेत वयोगटानुसार तीन मुख्य शाखा आहेत: प्राथमिक शाळेतील लहान मुले कब आणि मुली बुलबुल या नावाने ओळखल्या जातात, माध्यमिक शाळेतील मुले-मुली स्काऊट आणि गाईड असतात, आणि त्यापुढील तरुणांना रोव्हर आणि रेंजर म्हणतात. स्काऊट-गाईड शाखेत मुलाचा आरंभ ‘प्रवेश’ या परीक्षेने होतो, ज्यात वचन, नियम, प्रार्थना, ध्वजगीत, गणवेश आणि शिटीचे व हाताचे संकेत शिकावे लागतात. दीक्षाविधीत वचन घेतल्यानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय असे तीन सोपान, म्हणजे पायऱ्या, क्रमाने चढायच्या असतात, आणि त्यानंतर राज्य पुरस्कार व अखेरीस राष्ट्रपती पुरस्कार येतो. प्रत्येक पायरीसाठी किमान कालावधी ठरलेला असल्यामुळे ही चढण घाईने पुरी करता येत नाही. या मुख्य वाटेला समांतर अशी प्रावीण्य बॅजची व्यवस्था आहे, ज्यात स्वयंपाक, शिवणकाम, सायकल चालवणे, बागकाम, आकाशनिरीक्षण, पोहणे, प्रथमोपचार, आगीपासून बचाव, प्राण्यांची निगा अशा अनेक विषयांतून मुलाने आपल्या आवडीनुसार आणि वरच्या पायऱ्यांच्या अटींनुसार निवड करायची असते.

या सर्व अभ्यासात उघड्यावरच्या जीवनाला जे स्थान आहे त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. वर्गातील परीक्षेत उत्तर बरोबर आहे की चूक हे शिक्षक ठरवतो, आणि मुलाला त्याच्या निर्णयावर विसंबावे लागते. उघड्यावर मात्र निर्णय वस्तूच देते. दोरीच्या गाठींचेच उदाहरण पाहावे. सारख्या जाडीचे दोन दोर जोडण्यासाठी रीफ नॉट, कमी-अधिक जाडीचे दोर जोडण्यासाठी शीट बेंड, खांबाला दोर पकडवण्यासाठी क्लोव्ह हिच, आणि ओढ बसली तरी आवळला न जाणारा फासा हवा असेल तर बोलाइन, अशी प्रत्येक गाठीची योजना आहे, आणि ती योजना मानवी हाताने शतकानुशतकांच्या अनुभवातून शोधलेली आहे. रीफ नॉट चपटी बसते म्हणून जखमेच्या पट्टीसाठी ती सोयीची. बोलाइनचा फासा आवळत नाही म्हणून खोल जागी अडकलेल्या माणसाच्या छातीभोवती तो टाकता येतो. चुकीची गाठ ओढ बसताच सुटते किंवा अशी जाम होते की ती कापावी लागते, आणि त्या क्षणी मुलाला आपली चूक कोणी सांगावी लागत नाही, तिच्याबद्दल वाद घालता येत नाही आणि मनाला लावून घेण्याचेही कारण उरत नाही. गाठ पुन्हा मारायची एवढेच काम समोर असते.

गाठींच्या पुढची पायरी म्हणजे बांधणी, अर्थात काठ्या किंवा बांबू एकमेकांना दोराने घट्ट जखडण्याची विद्या. दोन काठ्या काटकोनात जोडण्याची चौकोनी बांधणी क्लोव्ह हिचने सुरू होते आणि तिनेच संपते; वेढे एकमेकांना खेटून बसले नाहीत, किंवा काठ्यांच्या मधून ताण देणारे आडवे वेढे घातले नाहीत, तर बांधलेली चौकट हाताने हलवताच डुगडुगते. शिबिरात याच बांधणीतून भांडी ठेवण्याची मांडणी, बूट ठेवण्याची फळी, ध्वजाचा खांब, प्रवेशद्वार, आणि अनुभवी मुलांच्या हातून ओढ्यावरचा लहानसा पूल उभा राहतो. हे काम एकट्याचे नसते. एक काठी धरतो, दुसरा दोर ताणतो, तिसरा वेढे मोजतो, आणि ज्याने काठी सैल धरली त्याच्यामुळे बाकीच्यांचे कष्ट वाया जातात हे सर्वांना दिसते. म्हणूनच सहा ते आठ मुलांचा संघ हा या शिक्षणाचा मूळ घटक मानला गेला आहे. संघाचा प्रमुख संघनायक मुलांमधूनच नेमला जातो, आणि संघनायकांची मानसभा, म्हणजे पथकाच्या शिस्तीचा व मानाचा विचार करणारी मुलांची स्वतःची सभा, पथकाच्या कारभारात भाग घेते.

चूल पेटवण्याची परीक्षा वरवर क्षुल्लक वाटते, पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतरच्या दिवसांत ती देणाऱ्या मुलाला तिचे गांभीर्य कळते. जमिनीवर पडलेले लाकूड ओल धरून असते आणि झाडावरच वाळून लटकलेली फांदी त्यापेक्षा कोरडी मिळते. बाहेरून भिजलेला ओंडका फोडला तर आतील गाभा अनेकदा जळण्याजोगा निघतो. काटक्या, करंगळीएवढ्या काड्या आणि मनगटाएवढी लाकडे यांचे वेगळे ढीग आधीच केले नाहीत तर लागलेली आग लाकूड शोधेपर्यंत विझते. आणि वाऱ्याची दिशा न पाहता मांडलेली चूल धुराशिवाय काही देत नाही. तयारीचे महत्त्व ज्या चळवळीने आपले ब्रीद म्हणून स्वीकारले, तिने काड्यांची संख्या दोनवर का आणली असेल, हे येथे स्पष्ट होते: काडी ओढण्याआधीच्या अर्ध्या तासात ही परीक्षा उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण झालेली असते. त्याचबरोबर काळानुसार या विद्येची नीतीही बदलली आहे. आरंभीच्या परीक्षांत कुऱ्हाडीने लहान झाडे तोडण्याचे कसब अपेक्षित होते. आज जंगलात आग पेटवण्यावर निर्बंध असतात, वाळलेले लाकूडही अनेक जिवांचा आसरा असते याची जाणीव वाढली आहे, आणि जागा सोडताना तेथे आपण राहिलो होतो याची खूण उरू नये, ही अपेक्षा आग पेटवण्याच्या कसबाइतकीच महत्त्वाची ठरली आहे.

वाट शोधण्याच्या विद्येत मुलाला नकाशा, होकायंत्र आणि मार्गचिन्हे यांचा उपयोग शिकावा लागतो. मार्गचिन्हे म्हणजे दगड, काटक्या किंवा खडू यांनी पुढच्यांनी मागच्यांसाठी ठेवलेल्या खुणा, ज्यांवरून या वाटेने जावे, येथे वळावे, पुढे धोका आहे, असे निरोप न बोलता पोहोचतात. उंचीचा अंदाज बांधण्याची एक साधी रीत अशी की ज्ञात लांबीची काठी उन्हात सरळ उभी करून तिची सावली मोजावी, त्याच वेळी झाडाची सावली मोजावी, आणि काठीचे तिच्या सावलीशी जे प्रमाण आहे तेच झाडाच्या उंचीचे त्याच्या सावलीशी असते या नियमाने उत्तर काढावे. भूमितीच्या पुस्तकात समरूप त्रिकोण म्हणून भेटणारा सिद्धान्त येथे एका वडाच्या सावलीत उभा राहतो, आणि ज्या मुलाला वर्गात गणित अवघड गेले असेल त्यालाही ते कशासाठी आहे हे कळते. गडकिल्ल्यांच्या या प्रदेशात अशा शिक्षणाला वाव कमी नाही. चढणीची वाट, पाण्याचे टाके, बुरुजावरून दिसणारी खिंड आणि तिच्याकडे जाणारी जुनी घाटवाट यांचा नकाशा ज्या मुलाने स्वतः पावले मोजून काढला, त्याला इतिहासाच्या पुस्तकातील डावपेच अधिक नीट समजतात.

मात्र ही सारी कौशल्ये मिळून जर केवळ एक साहसी मुलगा तयार होत असेल तर चळवळीचे काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल. प्रथमोपचाराच्या परीक्षेत त्रिकोणी पट्टीने हात गळ्यात अडकवणे, रक्तस्राव थांबवणे, भाजलेल्या जागेवर पाणी घालणे, सर्पदंश झालेल्या माणसाला हालचाल न करू देता लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचवणे आणि दोन काठ्या व घोंगडी यांची झोळी करून त्याला उचलून नेणे हे शिकवले जाते, आणि या शिक्षणाचा अर्थ दुसऱ्या कोणाला तरी गरज पडेल तेव्हाच पुरा होतो. कपड्यावरचा बॅज या दृष्टीने पाहता मिळवलेल्या मानापेक्षा स्वीकारलेल्या जबाबदारीची जाहिरात अधिक आहे: प्रथमोपचाराची खूण बाहीवर लावलेल्या मुलाला रस्त्यावर अपघात झालेला दिसला तर त्याला बाजूला होऊन पाहत राहण्याचा अधिकार उरत नाही. महाराष्ट्रातील शाळांत चालत आलेला ‘खरी कमाई’ हा उपक्रमही याच विचाराचा आहे. त्यात मुले घरोघरी आणि दुकानांत लहानमोठी कामे करून, वर्गणी न मागता, श्रमाचा मोबदला मिळवतात, आणि कष्टाला लाज नाही व फुकटाला मान नाही हे प्रत्यक्ष अनुभवातून शिकतात.

मुलींच्या बाबतीत या सन्मानाचे मोल आणखी वाढते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १९०९ मध्ये भरलेल्या स्काऊट मेळाव्यात काही मुली स्वतःहून गणवेश घालून हजर झाल्या आणि आपल्यालाही हे शिक्षण हवे असे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी ॲग्नेस बेडन-पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली गाईड चळवळ आकाराला आली. गाईड चळवळीच्या जागतिक संघटनेचे आशियातील केंद्र पुण्यात आहे. आळंदी रस्त्यावरील ‘संगम’ नावाचे हे केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरू झाले, आणि तेव्हापासून निरनिराळ्या देशांतील मुली तेथे एकत्र राहून शिकत आल्या आहेत. ज्या घरांत मुलीला रात्री बाहेर राहण्याची परवानगी सहजासहजी मिळत नाही, त्या घरातील मुलगी जेव्हा तृतीय सोपानाच्या शिबिरात तंबू उभारते, रात्रीचा पहारा देते आणि सकाळी पाठीवर पिशवी घेऊन दूरची पदयात्रा पुरी करते, तेव्हा तिच्याविषयीचा घराचा अंदाज बदलतो आणि तिचा स्वतःविषयीचा अंदाजही बदलतो. तिच्या गणवेशावरील बॅज हा त्या बदलाचा कुटुंबाने मान्य केलेला पुरावा असतो.

इतक्या चांगल्या व्यवस्थेला लागणारी कीड तिच्याच आत जन्म घेते. राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्यांसाठी भारतीय रेल्वेच्या भरतीत स्वतंत्र कोटा आहे. समाजाने सेवेची आणि कौशल्याची कदर करावी हे योग्यच आहे, आणि ग्रामीण भागातील एखाद्या कष्टाळू मुलाला त्यामुळे नोकरीचे दार उघडत असेल तर त्याविषयी कोणीही तक्रार करू नये. परंतु गुणांसाठी बॅज, बॅजसाठी नोंदवही आणि नोंदवहीसाठी शिबिराची छायाचित्रे असा उलटा क्रम सुरू झाला, की गाठी कागदावर चिकटवलेल्या दोऱ्यांपुरत्या उरतात आणि शिबिर शाळेच्या सभागृहात भरते. ज्याला पोहता येत नाही त्याच्या बाहीवरचा जलतरणाचा बॅज हे निव्वळ खोटे आहे, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की बुडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते धोकादायक खोटे आहे. बेडन-पॉवेल यांनीही बॅजमागे धावण्याच्या वृत्तीविषयी स्काऊट मास्तरांना सावध केले होते, त्यामुळे हा दोष केवळ आजच्या काळाचा आहे असे मानण्याचे कारण नाही; त्याच्यावरचा उपायही जुनाच आहे, तो म्हणजे प्रामाणिक परीक्षक.

परीक्षक कोण असावा, या प्रश्नाकडे महाराष्ट्रातील चळवळीने अधिक धीटपणे पाहिले पाहिजे. प्रावीण्य बॅजची परीक्षा त्या विषयातील जाणत्या माणसाने घ्यावी हा चळवळीचा मूळ संकेत आहे, आणि अशी जाणती माणसे या भूमीत विपुल आहेत, जरी त्यांच्या बाहीवर कधी कोणती खूण शिवली गेली नसली तरी. किनाऱ्यावरच्या कोळ्याला जाळ्याच्या आणि होडीच्या दोरांच्या गाठी अंधारातही चुकत नाहीत. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील कातकरी माणसाला कोणता कंद कोणत्या ऋतूत खावा, खेकड्याचे बीळ कोणते आणि सापाचे कोणते, हे ठाऊक असते. मेंढरे घेऊन दरवर्षी कोकणपट्टीत उतरणारा धनगर उघड्या माळावर मुक्काम मांडण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपत आला आहे. या समाजांतील माणूस परीक्षक म्हणून शिबिरात मानाने बसवला गेला, तर शहरी मुलाला खरे ज्ञान मिळेल, आणि त्याच समाजातील शाळकरी मुलाला आपल्या आजोबांची विद्या ही मागासलेपणाची खूण नसून गौरवाचा विषय आहे, हे सर्वांसमक्ष कळेल. गणवेशाचा खर्च न पेलल्यामुळे अशी मुले पथकाबाहेर राहत असतील तर तो खर्च शाळेने आणि गावाने उचलावा, कारण ज्यांना ही विद्या सर्वांत अधिक येते त्यांनाच तिच्या सन्मानापासून वगळणे हा अन्याय आहे, आणि भारतीय मुलांना वगळणाऱ्या १९०९ च्या त्या जुन्या अन्यायाचीच ती पुनरावृत्ती ठरेल.

शिकवणाऱ्याची तयारी हाही या विषयाचा अविभाज्य भाग आहे. प्रौढ नेत्यांच्या प्रशिक्षणासाठी १९१९ मध्ये इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे पहिला अभ्यासक्रम झाला आणि तो पूर्ण करणाऱ्यांना गळ्यात घालण्यासाठी चामड्याच्या वादीत ओवलेले लाकडी मणी देण्याची प्रथा पडली. भारतात हाच मान ‘हिमालय वुड बॅज’ या नावाने दिला जातो, आणि मध्य प्रदेशातील पचमढी येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात देशभरचे शिक्षक प्रशिक्षणासाठी जमतात. मुलांच्या सन्मानाची पत शेवटी या शिक्षकांच्या सचोटीवर ठरते. स्वतः पावसात तंबू ठोकलेला शिक्षकच मुलाच्या ढिल्या दोराकडे बोट दाखवू शकतो, आणि त्याच्याच हातून मिळालेल्या खुणेला मुलाच्या मनात आयुष्यभर किंमत राहते. अशा शिक्षकाला शाळेच्या वेळापत्रकात वेळ, शिबिरासाठी निधी आणि कागदी कामातून थोडी सुटका देणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे.

स्काऊट-गाईड चळवळीचा पुरस्कार म्हणजे एका मुलाने अमुक गोष्टी करून दाखवल्या आणि गरज पडल्यास तो त्या पुन्हा करील, अशी समाजाने घेतलेली नोंद आहे, आणि ही नोंद खरी ठेवण्याचा भार सर्वांवर आहे. म्हणून शाळांनी वर्षातून एकदा तरी पथकाला खऱ्याखुऱ्या माळावर मुक्कामी न्यावे. परीक्षकांनी जे प्रत्यक्ष पाहिले नाही त्यावर सही करू नये. गावातील जाणत्या माणसांना शिबिरात परीक्षक म्हणून मानाने बोलवावे. आणि पालकांनी राष्ट्रपती पुरस्काराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापूर्वी आपल्या मुलाला अगर मुलीला इतकेच विचारावे, की यातले काय काय तुला आज करून दाखवता येईल आणि त्यातले काय तू दुसऱ्या कोणाला शिकवले आहेस.